टलामोरचे मुन्शीजी

मुन्शीजी उर्दू शिकवायचे ते एकाच गावाची वाक्ये घालून. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्यासमोर पाटी ठेवली आणि सांगितले, "लिही. टलामोर की नहर में तीन कश्तियाँ खड़ी हैं." टलामोरच्या कालव्यात तीन नावा उभ्या आहेत. मी नाव कधी पाहिली नव्हती, कालवाही पाहिला नव्हता. आमच्या कडा गावाच्या माळावर पावसाळ्यातसुद्धा ओढा चार दिवस वाहिला तर लोक बघायला जात. दुसऱ्या दिवशी वाक्य होते, टलामोरमध्ये लोक माती जाळून स्वयंपाक करतात. तिसऱ्या दिवशी, टलामोर आभाळातून पडलेल्या आगीने जळाले. महिनाभर मी हेच लिहीत होतो. शेवटी न राहवून विचारले, "मुन्शीजी, हे टलामोर कुठं हाय?"

"लांब हाय," ते म्हणाले. "आधी वाक्य नीट लिही. नहर बाईमाणूस हाय, तू तिला गडी केलंस."

त्यांचे नाव भुजंगराव. आष्टीला तालुका कचेरीच्या ओसरीवर बसून ते लोकांचे अर्ज लिहीत. निजामाच्या राज्यात कचेरीचे सगळे कामकाज उर्दूत चाले आणि आमच्या मुलखातल्या शंभरातल्या नव्वद लोकांना त्यातले अक्षर कळत नसे. माझे वडील मेंढरे राखत. कुरणाविषयी काही हुकूम आला की तो कागद मुंडाशात खोचून ते आष्टीपर्यंत चालत जात आणि मुन्शीजींकडून वाचून घेत. असे पाचसहा वेळा झाल्यावर मुन्शीजीच त्यांना म्हणाले, "आबा, किती चालताल? पोराला पाठवा माझ्याकडं. पुढच्या वेळी कागद घरात वाचता येईल." आमच्या घरात माझ्याआधी कोणी शाळेत गेले नव्हते. मी आज कॉलेजात आहे तो या एका वाक्यामुळे. म्हणूनच हे लिहायला नको वाटते. पण लिहिले पाहिजे.

अर्ज लिहून घ्यायला माणूस आला की मुन्शीजींचा पहिला प्रश्न ठरलेला असे. "बघितलं का ऐकलं?"

"आता बघितल्यावानीच हाय की, मुन्शीजी."

"बघितल्यावानी असं काई नसतं. बघितलं असंल तर 'देखा' लिहितो. ऐकलं असंल तर 'सुना' लिहितो. सांग."

माणूस कुरकुरत खरे काय ते सांगे. कित्येक जण उठून शेजारच्या गुलाबरावांकडे जात. गुलाबरावही अर्जनवीस, त्याच ओसरीवर चार हातांवर त्यांची बैठक. ते असले प्रश्न विचारत नसत. पण कचेरीतल्या साहेबलोकांना मुन्शीजींचे अक्षर ओळखू येई आणि त्या अक्षरातला अर्ज ते दुसऱ्यांदा तपासत नसत, असे म्हणतात. हे मात्र मी ऐकलेले आहे.

टलामोरची हकिकत त्यांनी मला दोन वर्षांनी नीट सांगितली. तरुणपणी ते मोमिनाबादेच्या, म्हणजे आपल्या अंबाजोगाईच्या, छावणीत गोऱ्या साहेबांना हिंदुस्थानी शिकवायला होते. साहेबांना त्या भाषेची परीक्षा द्यावी लागे. तिथल्या रिसाल्यात, म्हणजे घोडदळात, घोड्यांचा एक डॉक्टर आला. अशा डॉक्टरला तेव्हा सलोत्री म्हणत. डॅली त्याचे नाव, वय चोवीस-पंचवीस, जातीचा आयरिश. त्याला पुस्तकातली वाक्ये पाठ होईनात. तेव्हा मुन्शीजींनी युक्ती काढली. "साहेब, पुस्तक ठेवा. तुमच्या गावाचं सांगा. चुकत चुकत सांगा." साहेब चुकत चुकत सांगे, मुन्शीजी ते दुरुस्त करून वहीत उतरवून घेत आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याकडून पाठ म्हणवून घेत. अशा चौदा महिन्यांत चार वह्या भरल्या. साहेब परीक्षा पास झाला. पुढे छावणी मोडली, रिसाला दुसरीकडे गेला. साहेबाचे एक पत्र कुठल्याशा छावणीतून आले, त्यानंतर आले नाही. मुन्शीजी वह्या घेऊन आष्टीला परत आले. आम्ही उर्दू शिकलो ती या वह्यांवर.

त्यात काय काय होते. टलामोर हे जिल्ह्याचे गाव, पण आधी जिल्ह्याची कचेरी दुसऱ्याच गावी होती. टलामोरवाल्यांनी मोठी जेल बांधली, मग कचेरी तिकडे आली. जिल्ह्याचे नाव राजाचा जिल्हा. तो राजा इंग्रजांचा असेल असे वाटते, पण तसे नाही. इंग्रजांच्या एका राणीचा नवरा इस्पेनचा राजपुत्र होता, तो पुढे तिकडचा राजा झाला, त्याच्यावरून ते नाव. त्याने आयर्लंडात कधी पाऊल ठेवले नाही.

ही गोष्ट मुन्शीजींनी ओसरीवर सांगितली तेव्हा गुलाबराव टाकाला टोक करत म्हणाले, "म्हंजी जावयाला जिल्हा आंदण दिला म्हणा की."

"तसंच समजा."

"आणि जेल बांधली की जिल्हा येतोय व्हय? मग आष्टीला बांधू एक. पहिले तुमालाच घालू आत, लबाड बोलल्याबद्दल."

ओसरी हसली. मुन्शीजीही हसले. त्यांना हसण्याचे वाईट वाटत नसे. अविश्वासाचे वाटे, आणि त्या वेळी मला हा फरक कळत नव्हता.

सगळ्यात जास्त थट्टा व्हायची ती आगीच्या गोष्टीची. मुन्शीजींच्या पणजोबांच्या काळी टलामोरला जत्रेच्या दिवशी कोणी एक मोठा गुब्बारा उडवला. खाली जाळ लावून गरम हवेने वर जाणारा. तो वाऱ्याने भरकटला, तिथल्या छावणीच्या धुराड्याला अडकून पेटला आणि शाकारलेल्या घरांवर पडला. शंभरेक घरे जळाली. गाव पुन्हा उभे राहिले. "ककनूस पाखरू आपल्याच राखेतून उठतं ना, तसं," मुन्शीजी सांगत. एकदा जोशात येऊन म्हणाले, "जगात आभाळातल्या वाहनानं गाव जळालं ते पैलं टलामोर."

गुलाबरावांनी टाक खाली ठेवला. "मुन्शीजी, एक विचारू का? बघितलं का ऐकलं?"

ओसरीवर कोणी हसले नाही. सगळे मुन्शीजींकडे बघत राहिले. त्यांनी हातातल्या अर्जाची घडी घातली. मग म्हणाले, "बघितलेल्या माणसाच्या गावच्या माणसाकडून ऐकलं."

"म्हंजी ऐकलं."

"ऐकलं."

त्यानंतर ते ओसरीवर टलामोरचे नाव काढीनासे झाले. घरी मात्र आमचा धडा तोच राहिला.

मुन्शीजींच्या बायकोला आम्ही काकू म्हणायचो. त्या माती जाळण्याच्या गोष्टीला हसत. दलदलीतली काळी माती विटांसारखी कापून वाळवतात आणि चुलीत घालतात, असे वहीत होते. गोवऱ्या थापता थापता काकू म्हणायच्या, "ह्यांच्या सायबाला इचारायचं हुतं, धूर मातीचा येतो का माणसाचा." मुन्शीजी आतून उत्तर देत, "सायबानंबी मला इचारलं हुतं, तुमी शेण कावून जाळता म्हणून. तवा मला कुठं उत्तर देता आलं."

टलामोरच्या एकाच गोष्टीवर कोणी पूर्ण विश्वास ठेवला असेल तर तो माझ्या वडिलांनी. गावाजवळच्या एका जुन्या मठात हजारेक वर्षांपूर्वी हाताने लिहिलेली चित्रांची पोथी होती. पुढे ती एका शेतकऱ्याच्या ताब्यात गेली आणि जनावर आजारी पडले की तो त्या पोथीवर पाणी ओतून ते पाणी जनावराला पाजी. डॅलीसाहेब स्वतः गुरांघोड्यांचा डॉक्टर, म्हणून हे हसत सांगे. मी घरी सांगितले तर आबा हसले नाहीत. "मग? गुण यायचा का न्हाई?" एवढेच त्यांनी विचारले. आमच्याकडे मेंढरू पडले की देवाच्या टाकावरचे पाणी पाजतात. पुढच्या खेपेला आष्टीला गेल्यावर आबा मुन्शीजींना म्हणाले, "तुमच्या सायबाची माणसं आमच्यातलीच दिसत्यात." मुन्शीजींना किती आनंद झाला ते मी बघितले आहे. त्यांनी आबांना बसवून घेतले, काकूंना चहा टाकायला सांगितला आणि पोथीचे पान पुन्हा वाचून दाखवले.

मी मॅट्रिक झालो आणि हैदराबादला कॉलेजात जायचे ठरले. निघण्याच्या आदल्या दिवशी मी मुन्शीजींच्या पाया पडायला गेलो. गुरुदक्षिणा म्हणून आपण काय द्यावे, हे विचारायचा धीर होत नव्हता. त्यांनाच ते कळले असावे.

"म्हसू, एक काम कर. तिथं मोठी लायब्ररी असंल. जगातली गावं असलेलं बुक असतंय म्हणं. त्यात टलामोर बघ आणि मला लिहून कळव. मला म्हातारपणी ऐकलेलं नको. छापील पाहिजे."

"कळवतो, मुन्शीजी."

"घाई न्हाई. पण नीट बघ."

हैदराबादच्या लायब्ररीत मी पहिले पंधरा दिवस गेलोच नाही. दारात वहाणा काढायच्या की नाही, हे मला ठाऊक नव्हते आणि विचारायची लाज वाटत होती. शेवटी एकाच्या मागोमाग आत शिरलो. जगाचा मोठा नकाशासंग्रह एका टेबलावर उघडाच असे. विलायतेहून नुकताच आलेला, कोरा. मागे सगळ्या गावांची अकारविल्हे यादी होती. मी टलामोर शोधू लागलो. टी, ए, एल. आपण मराठी नाव इंग्रजीत लिहितो तेव्हा 'अ'ला 'ए' लिहितो, तसे. टलामोर नव्हते. मग दोन एल घालून पाहिले. नव्हते. शेवटी 'के' काढून राजाचा जिल्हा पाहिला. किंगच्या नावाची बरीच गावे निघाली, पण तसा जिल्हा नव्हता. आयर्लंडाचे पान काढून त्यावर बोट फिरवत जिल्ह्यांची नावे वाचली. राजाचा जिल्हा कुठेच नव्हता. मी दोन दुपारी हेच केले.

टेबलापलीकडे ग्रंथपाल बसलेले असत. त्यांना विचारता आले असते. इतिहासाचे प्राध्यापक विलायतेत शिकून आलेले होते, त्यांना विचारता आले असते. मी विचारले नाही. मेंढक्याच्या पोराने तोंड उघडले की वर्ग हसतो, हे मी पहिल्याच आठवड्यात पाहिले होते. मग मी पोस्टाचे कार्ड घेतले आणि माझ्या चांगल्यातल्या चांगल्या उर्दूत लिहिले. मुन्शीजी, इथल्या सर्वांत मोठ्या किताबात दोन दिवस पाहिले. टलामोर नावाचे शहर नाही. राजाचा जिल्हाही नाही.

खरे सांगायचे तर ते कार्ड लिहिताना मला थोडा अभिमान वाटला होता. मोठ्या किताबाचे नाव घेऊन लिहिलेले ते माझे पहिले पत्र.

कार्ड उघडे असते. टपालवाल्याने ते मुन्शीजींच्या घरी न देता कचेरीच्या ओसरीवर आणून दिले. मुन्शीजी तेव्हा आत गेले होते. गुलाबरावांनी ते घेतले आणि मोठ्याने वाचले. पुन्हा वाचा, म्हणून कोणी तरी सांगितले. त्यांनी पुन्हा वाचले. दुसऱ्या वेळी मुन्शीजी मागे उभे राहून ऐकत होते.

हे मला काकूंनी सांगितले, मी उन्हाळ्याच्या सुटीत आलो तेव्हा. मुन्शीजी घरीच होते. कचेरीच्या वेळेला घरी बसलेले मुन्शीजी मी कधी पाहिले नव्हते. माझ्याकडे बघून त्यांचा चेहरा खुलला. काय शिकवतात, जेवायला काय देतात, उर्दूत कुणी चुका काढतो का, सगळे विचारले. कार्डाविषयी बोलले नाहीत. मीच चाचरत म्हणालो, "मुन्शीजी, मी पुन्हा एकदा बघतो. एखादे वेळी..."

"कशाला? तू चांगलं केलंस. मन राखायला लोक लई खोटं बोलतात. तू बोलला न्हाईस." मग थोड्या वेळाने म्हणाले, "डॅलीसायबानं थट्टा केली असंल माझी. चोवीस वर्षांचं लेकरू, परमुलखात एकटं. करमत नसंल. सांगितलं असंल काईबाई. मी चौदा महिने त्याची नहर सुधारत बसलो, बोलतोय काय ते बघितलंच न्हाई."

"ओसरीवर कावून जात न्हाई मग?"

"ज्याला स्वतःला खऱ्याखोट्यातलं कळलं न्हाई, त्यानं दुसऱ्याला काय म्हणून इचारायचं, बघितलं का ऐकलं?"

ते रागाने बोलले असते तर मला सोपे गेले असते. ते अगदी शांतपणे, एखादा मजकूर सांगावा तसे बोलले. चारही वह्या कोनाड्यात होत्या. मी एक उघडली. प्रत्येक पानाच्या कडेला तांबड्या शाईने, त्या सुंदर अक्षरात, दोन शब्द लिहिले होते: गैर साबित. कचेरीत ज्या म्हणण्याला पुरावा मिळत नाही त्यावर मारतात तो शेरा. कालव्यावर गैर साबित. जेलवर गैर साबित. पोथीच्या पानावरही. एकही पान त्यांनी सोडले नव्हते.

मी सुटी संपवून परत गेलो. मार्गशीर्षात आबांनी कोणाकडून तरी लिहून घेतलेले कार्ड आले. मुन्शीजींना ताप आला, आठ दिवसांत गेले. मी पोचू शकलो नाही.

त्यानंतर दोन महिन्यांनी इतिहासाच्या तासाला आयर्लंडचा विषय निघाला. प्राध्यापक सांगत होते की तिथे आता नवे राज्य आले आहे आणि राजाराणीच्या नावांचे जिल्हे बदलून जुनी नावे परत आणली आहेत. त्यांनी फळ्यावर एक नाव लिहिले आणि त्याच्या शेजारी दुसरे. पहिले राजाचा जिल्हा. दुसरे ऑफली. ऑफली मी वाचले होते. आयर्लंडाच्या पानावर त्या नावावरून माझे बोट गेले होते.

मी उभा राहिलो. कॉलेजात आल्यापासून पहिल्यांदा. वर्गाने वळून पाहिले. "सर," मी विचारले, "त्या जिल्ह्यात टलामोर आहे का?"

"आहे ना. तेच जिल्ह्याचे गाव," ते म्हणाले आणि माझ्यासाठी त्यांनी ते फळ्यावर लिहिले. टी, यू, दोन एल. 'अ' ऐकू येतो तिथे इंग्रजीत 'यू' असू शकतो, हे मला मॅट्रिकपर्यंत शंभर शब्दांत शिकवले होते. हा एक शब्द मी मात्र माझ्या कानाने लिहिला होता. तास संपल्यावर लायब्ररीत गेलो. तोच नकाशासंग्रह, तीच यादी. टी, यूमध्ये टलामोर होते. आयर्लंडाच्या पानावरही होते, बेटाच्या मधोमध, आणि त्याला लागून एक बारीक निळी रेघ गेली होती. ती नहर.

एका प्रश्नाला अर्धे मिनिट लागले असते.

पुढच्या सुटीत मी आष्टीला उतरलो तो आधी ओसरीवर गेलो. गुलाबराव एकटेच बसले होते. मी त्यांना सगळे सांगितले. नकाशा हाताने उतरवून आणला होता, तोही दाखवला. त्यांनी तो पाहिला, घडी घातली आणि परत दिला.

"असंल," ते म्हणाले. "गेलेल्या माणसाला त्याचं काय करायचंय बे?" मग शेजारच्या मोकळ्या जागेकडे न बघता म्हणाले, "वीस वरसं चेष्टा केली त्याची. एकदाबी उठून गेला नव्हता. त्या दिवशी गेला. माझ्यामुळं गेला असं लोक म्हणत्यात. मी तर फकस्त वाचलं, लिहिलेलं हुतं ते."

 तिथून मुन्शीजींच्या घरी गेलो. काकू दारात डाळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी मला पाणी दिले. मी सांगत गेलो आणि त्या निवडत राहिल्या. टलामोर आहे, जिल्हा आहे, नुसते नाव बदलले, कालवा आहे. आता प्राध्यापकांना सगळे विचारले आहे, गुब्बाऱ्याची आग खरी, जाळायची माती खरी, पोथीसुद्धा खरी.

"सगळंच खरं?"

"सगळं, काकू."

त्यांनी सूप खाली ठेवले. 

"तू त्या कार्डात काय लिहिलं हुतंस रं?"

"असं शहर नाही, म्हणून लिहिलं होतं."

"आणि झालं काय हुतं?"

"मला सापडलं नव्हतं, काकू."

"मग तेवढंच लिहायचं हुतं की, बाळा."